मॅरिनेट केलेलं फ्लॉवरचं सॅलड: कच्चं की उकळून, तेल किती आणि फ्रिजमध्ये किती दिवस?

काचेची बरणी, त्यात फ्लॉवरचे पांढरे तुरे, गाजराच्या चकत्या, ढोबळी मिरचीचे लाल-पिवळे तुकडे, वर लसूण आणि शेवटी तेलाची लांब धार. अशी रील तुम्ही एकदा तरी पाहिली असेल. खाली लिहिलेलं असतं, 'हेल्दी सॅलड, एकदा करा आणि पंधरा दिवस खा'.

या ओळीतल्या दोन्ही दाव्यांत गडबड आहे. हे सॅलड पौष्टिक होऊ शकतं, पण ते ठरतं तेल आणि मिठाच्या चमच्यांवर. पंधरा दिवसांचं म्हणाल, तर घरी केलेलं असं सॅलड इतके दिवस ठेवायचं नसतंच. ते दिसतं लोणच्यासारखं, पण लोणच्याला टिकवणाऱ्या गोष्टी त्यात नसतात. हा फरक लक्षात न घेता बरणी ओट्यावर राहिली, तर काय होऊ शकतं ते पुढे येईलच.

मॅरिनेट करणं म्हणजे नेमकं काय?

मॅरिनेट हा शब्द समुद्रावरून आला. लॅटिनमध्ये 'मारिनुस' म्हणजे समुद्राचा. पूर्वी मासे खाऱ्या पाण्यात मुरवून ठेवत, त्यावरून हा शब्द रूढ झाला. आता मीठ, आंबट पदार्थ, तेल आणि मसाला यांच्या मिश्रणात एखादी गोष्ट काही वेळ मुरवण्याला मॅरिनेट करणं म्हणतात. आपल्याकडे चिकनला दही-मसाला चोळून ठेवतात, तेही हेच.

भाजीच्या बाबतीत हा पदार्थ कोशिंबीर आणि लोणचं यांच्या मधला. कोशिंबीर कालवली की लगेच खायची, नाहीतर तिला पाणी सुटतं. लोणचं मुरायला दिवस लागतात आणि ते महिनोन्‌महिने टिकतं. मॅरिनेट केलेलं सॅलड काही तासांत मुरतं आणि तीन-चार दिवसांत संपवायचं असतं.

इटलीत नेपल्स शहरात नाताळच्या सुमारास 'इन्सालाता दि रिन्फोर्झो' नावाचं सॅलड करतात. उकडलेले फ्लॉवरचे तुरे, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मिरच्या, ऑलिव्ह, अँकोव्ही नावाचे खारवलेले छोटे मासे आणि ऑलिव्ह तेल असा त्याचा थाट असतो. उत्तर भारतात हिवाळ्यात गोबी, गाजर आणि शलगम यांचं आंबटगोड लोणचं घालतात. महाराष्ट्रात थंडीत फ्लॉवर-गाजर-मटारचं ताजं लोणचं होतं. हे सगळे एकमेकांचे लांबचे नातेवाईक म्हणता येतील.

फ्लॉवर भारतात मात्र तसा नवाच. १८२२ साली इंग्लंडहून त्याचं बी सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं, अशी नोंद कृषी साहित्यात आहे. म्हणजे तो आपल्याकडे येऊन जेमतेम दोनशे वर्षं झाली.

फ्लॉवरच का?

कारण त्याची रचना. प्रत्येक तुरा म्हणजे न उमललेल्या बारीक कळ्यांचा झुबका. त्या फटींमध्ये मसाला आणि रस अडकून राहतो. काकडी मुरवली की मऊ पडते, टोमॅटो गळून जातो. फ्लॉवर दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत राहतो. आम्लात भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सहज विरघळत नाही, हे त्यामागचं कारण.

१०० ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये साधारण २५ कॅलरी, २ ग्रॅम तंतू, २ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ४८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. उरलेला जवळपास ९२ ग्रॅम भाग पाण्याचा. थोडक्यात, पोट भरतं आणि कॅलरी कमी. पण प्रथिनांसाठी त्याच्यावर अवलंबून राहता येत नाही.

कच्चा फ्लॉवर खाल्ला तर मेंदूत किडा जातो?

सोशल मीडियावर हा प्रश्न दर पावसाळ्यात फिरतो. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

पहिली गोष्ट म्हणजे डोळ्यांना दिसणारी हिरवी अळी. ती पतंगाची अळी असते आणि कोबी-फ्लॉवरची पानं हे तिचं अन्न. ती चुकून पोटात गेली तर किळस वाटेल, पण ती मेंदूपर्यंत वगैरे जात नाही. मिठाच्या कोमट पाण्यात तुरे १०-१५ मिनिटं ठेवले की बहुतेक अळ्या बाहेर येतात. अनेक घरांत त्या पाण्यात हळदही घालतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि खरी काळजी तिचीच. पट्टकृमी म्हणजे टेपवर्मच्या एका जातीची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. असं दूषित पाणी किंवा माती शेतातल्या भाजीला लागली आणि ती भाजी नीट न धुता कच्ची खाल्ली, तर अंडी पोटात जाऊ शकतात. त्यातून निघालेले कृमी रक्तावाटे स्नायूंत किंवा मेंदूत पोहोचून गाठी करतात. मेंदूतल्या या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. फिट येणं हे त्याचं एक प्रमुख लक्षण आहे. म्हणजे भीती निराधार नाही, पण दोषी फ्लॉवर नसून दूषित पाणी आहे. हीच अंडी कोथिंबीर, पालक, गाजर किंवा न धुतलेल्या हातांवरूनही येऊ शकतात.

मिठाचं पाणी, हळद, व्हिनेगर यांनी अंडी मरतील याची खात्री देता येत नाही. ती मरतात उष्णतेने. त्यामुळे आपल्याकडे हे सॅलड करताना तुरे उकळत्या पाण्यातून काढणं हा चवीपुरता पर्याय समजू नये. परदेशी रील्समध्ये कच्चे तुरे थेट बरणीत भरतात, ती पद्धत इथे जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही.

उकळत्या पाण्यात घातल्यावर थोडं क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, हे खरं आहे. म्हणून वेळ कमी आणि पाणी खळखळ उकळतं हवं.

तेल: सगळा हिशोब इथे बिघडतो

फ्रेंच पद्धतीच्या सॅलड ड्रेसिंगमध्ये तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर घेतात. १५ मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे टेबलस्पूनभर तेलात, सुमारे १२० कॅलरी असतात. तेल ऑलिव्हचं असो, शेंगदाण्याचं असो की सूर्यफुलाचं, या आकड्यात फरक पडत नाही. 'ऑलिव्ह ऑइल आहे म्हणून चालतं' ही समजूत इथेच फसते. त्यातली मेदाम्लं हृदयासाठी चांगली आहेत, पण कॅलरी तेवढ्याच.

अर्धा किलो फ्लॉवरवर असं तेल ६ चमचे घातलं तर ७२० कॅलरी झाल्या, आणि अर्धा किलो फ्लॉवरच्या स्वतःच्या कॅलरी फक्त १२५. रीलमधली लांब धार सहा चमच्यांवर थांबतच नाही.

उपाय सोपा आहे, प्रमाण उलटं करायचं. दोन चमचे तेलाला चार चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. यात चार जणांचं सॅलड होतं आणि तेलाच्या कॅलरी माणशी ६० येतात. एवढ्या आंबटाला तोल म्हणून चमचाभर भिजवलेलं दाण्याचं कूट किंवा चिमूटभर साखर चालेल.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. चहाचा सपाट चमचा भरून मीठ साधारण ६ ग्रॅम असतं. म्हणजे दिवसाचा कोटा त्या एका चमच्यात ओलांडला जातो. बाटलीतले ऑलिव्ह, केपर्स, सोया सॉस घालणार असाल तर त्यांतही भरपूर मीठ असतं. मग वरून वेगळं मीठ घालण्याआधी चव घेऊन बघा.

सॅलड कसं करायचं?

चार जणांसाठी अर्धा किलो फ्लॉवरचे तुरे, एक मोठं गाजर, एक ढोबळी मिरची आणि एक छोटा कांदा लागेल. ड्रेसिंगसाठी दोन मोठे चमचे तेल, चार मोठे चमचे लिंबाचा रस, चहाचा पाऊण चमचा मीठ, चहाचा एक चमचा मोहरी, मिरपूड आणि कोथिंबीर. लसूण हवा असेल तर दोन पाकळ्या, ठेचून.

फ्लॉवरचा गड्डा घट्ट आणि पांढरा बघून घ्या. काळे ठिपके पडलेला किंवा कळ्या सुट्या झालेला नको. तुरे एका घासाचे तोडा. कोवळा देठ टाकू नका, सोलून पातळ चकत्या केल्या तर सॅलडमध्ये तोच सगळ्यात कुरकुरीत लागतो.

मिठाच्या कोमट पाण्यातून काढून तुरे वाहत्या पाण्याखाली धुवा. मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी खळखळ उकळवा आणि त्यात तुरे सोडा. पाण्याला पुन्हा उकळी आली की दोन ते तीन मिनिटं मोजा. शेवटच्या मिनिटाला गाजर आणि ढोबळी मिरचीचे तुकडेही त्याच पाण्यात टाका. मग सगळं चाळणीत निथळून स्वच्छ फडक्यावर पसरा.

अनेक पाककृती इथे बर्फाचं पाणी वापरायला सांगतात. त्याने शिजणं लगेच थांबतं, पण तुऱ्यांच्या फटींत पाणी भरून राहतं आणि ड्रेसिंग पचपचीत होतं. फडक्यावर पसरलेल्या तुऱ्यांची वाफ निघून जाते, ते कोरडे होतात आणि कोमट असतानाच ड्रेसिंगमध्ये घातले तर चव चांगली शोषतात. फक्त ते पातेल्यात ढीग करून ठेवू नका, आतल्या आत शिजत राहतात.

मोहरी आधी, लिंबू नंतर

या सॅलडची जान मोहरीत आहे. बाजारातली मस्टर्ड पेस्ट आणायची गरज नाही. आपल्याकडे मोहरी फेसण्याची पद्धत आहेच. मोहरी कुटून तिच्यात थोडं पाणी घालायचं आणि फेस येऊन नाकात झणका जाईपर्यंत घोटायचं.

मोहरीच्या दाण्यात एक गंधकयुक्त पदार्थ आणि एक विकर म्हणजे एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटून पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि तो झणका तयार होतो. लिंबाचा रस सुरुवातीलाच घातला तर विकराचं काम मंदावतं. म्हणून आधी पाण्यात फेसायची, दहा मिनिटं थांबायचं आणि मग लिंबू पिळायचं.

गंमत म्हणजे फ्लॉवर आणि मोहरी एकाच कुळातले आणि हेच विकर फ्लॉवरमध्येही असतं. त्याच्यामुळे ब्रोकोली, फ्लॉवर, कोबी यांत सल्फोराफेनसारखे पदार्थ तयार होतात, ज्यांच्यावर बरंच संशोधन सुरू आहे. उकळत्या पाण्यात फ्लॉवरचं स्वतःचं विकर बऱ्याच अंशी निकामी होतं. शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घातल्यावर सल्फोराफेनचं प्रमाण वाढतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून फेसलेली मोहरी कोमट तुऱ्यांना आधी चोळून दहा मिनिटं ठेवायची, मग बाकीचं ड्रेसिंग घालायचं. यावरून 'फ्लॉवर खा, कॅन्सर टाळा' असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. प्रयोगशाळेतल्या परिणामांपासून तिथपर्यंतचं अंतर फार मोठं आहे.

आता तेल, लिंबाचा रस, मीठ, मिरपूड, लसूण एकत्र करून तुऱ्यांवर घाला, कांदा आणि कोथिंबीर मिसळा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दोन तासांत खाता येतं, रात्रभर मुरलं तर जास्त चांगलं. भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं असावं. अ‍ॅल्युमिनियम किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो.

एका वाटणीत साधारण ११० कॅलरी आणि ४ ग्रॅम तंतू मिळतात. प्रथिनं ३ ग्रॅमच, त्यामुळे रात्रीचं जेवण म्हणून फक्त हेच खाल्लं तर तासाभरात फरसाणाच्या डब्याकडे हात जाईल. शिजवलेले छोले, राजमा किंवा वाफवलेले मोड आलेले मूग घातले तर ते जेवण होतं. पनीर किंवा उकडलेलं अंडं खायच्या वेळी घाला.

व्हिनेगरच्या बाटलीवर काय वाचायचं?

लिंबाऐवजी व्हिनेगर घेणार असाल तर लेबल बघा. किराणा दुकानात मिळणारं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुतेकदा सिंथेटिक असतं, म्हणजे अ‍ॅसिटिक आम्लात पाणी मिसळून केलेलं. ते चालतं, पण चव एकसुरी असते. उसाचं, सफरचंदाचं किंवा गोव्यातलं माडाचं व्हिनेगर आंबवून बनवलेलं असतं आणि सॅलडला जास्त शोभतं. भारतात व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असावं असा नियम आहे. अमेरिकी पाककृती ५ टक्क्यांचं व्हिनेगर गृहीत धरतात. सॅलडच्या चवीत याने फारसा फरक पडत नाही, पण तिकडची बरणीत टिकवायची कृती इकडच्या व्हिनेगरने केली तर पडतो.

ओट्यावर ठेवलं तर काय बिघडतं?

लोणच्यावर तेलाचा थर हवा, हे घराघरात शिकवलं जातं. लोणच्यात भरपूर मीठ असतं, आंबटपणा असतो आणि तेल वरून बुरशीला अडवतं. या सॅलडमध्ये मीठ मुद्दाम कमी ठेवलेलं असतं आणि चार चमचे लिंबूरस अर्धा किलोहून जास्त भाजीत वाटला जातो. त्यामुळे जंतूंना रोखण्याइतकं आम्ल प्रत्येक तुकड्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. अशा वेळी तेल फक्त हवा अडवतं, आणि काही जंतूंना हवा नसलेलीच जागा हवी असते.

त्यांतला सगळ्यात धोकादायक म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीजाणू मातीत असतात, त्यामुळे लसणासारख्या जमिनीखाली वाढणाऱ्या गोष्टींवर ते येऊ शकतात. हवा नाही, आम्ल कमी आणि वातावरण उबदार असं जमलं की ते वाढतात आणि विष तयार करतात. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनमध्ये असाच प्रकार घडला. त्यानंतर अमेरिकेत विक्रीच्या तेल-लसूण मिश्रणात आम्ल घालणं सक्तीचं झालं. हे विष वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. धूसर किंवा दुहेरी दिसणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास, बोलणं अडखळणं अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठायचं असतं.

हा आजार दुर्मिळ आहे, पण त्याला टाळायला फक्त फ्रिज लागतो. सॅलड फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. मोड आलेली कडधान्यं घातली असतील तर दुसऱ्याच दिवशी.

डब्याचा प्रश्न वेगळा. अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम सांगतो की असे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नकोत, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. सकाळी आठला भरलेला डबा दुपारी एकला उघडणार असाल तर ऑफिसच्या फ्रिजचा एक कोपरा धरा, नाहीतर डब्याच्या पिशवीत आइस पॅक ठेवा.

कुणी जपून खावं?

थायरॉइड असलेल्यांना फ्लॉवर पूर्ण बंद, असं सरसकट सांगितलं जातं. या कुळातल्या कच्च्या भाज्यांमधले काही घटक थायरॉइडला आयोडीन वापरण्यात अडथळा आणतात, हे बरोबर आहे. पण त्यासाठी प्रमाण फार मोठं लागतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका ८८ वर्षांच्या बाईंची केस आली होती. त्या कित्येक महिने रोज १ ते दीड किलो कच्चा बॉक चॉय खात होत्या आणि त्यांचं थायरॉइडचं काम कोलमडलं. उकळत्या पाण्यातून काढलेला वाटीभर फ्लॉवर, जेवणात आयोडीनयुक्त मीठ, ही वेगळी गोष्ट आहे. तरी आहार ठरवून दिला असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

वॉर्फरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्वाचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं असतं. फ्लॉवरमध्ये ते पालकाच्या तुलनेत फारच कमी आहे. ज्यांना पोटफुगीचा किंवा आयबीएसचा त्रास आहे, त्यांना मात्र फ्लॉवर, कांदा आणि लसूण हे त्रिकूट जड जाऊ शकतं. कांदा-लसूण वगळून, हिंग घालून आधी अर्धी वाटी खाऊन बघणं बरं. गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसांनी मोड आलेली कडधान्यं कच्ची न घालता पूर्ण शिजवूनच घालावीत.

रंग बदलला तर फेकायचं का?

आम्लात लसूण कधी कधी निळसर-हिरवा पडतो, फ्लॉवरवर फिकट गुलाबी छटा येते. दोन्ही रासायनिक बदल निरुपद्रवी आहेत. जांभळा फ्लॉवर वापरला तर लिंबू पिळल्यावर तो गुलाबी होणारच. पण तुरे बुळबुळीत झाले, बुडबुडे दिसले, झाकण फुगलं किंवा आंबूस वास आला तर चव घेऊन खात्री करत बसू नका, बरणी तशीच रिकामी करा. आणि सॅलड तीन दिवसांत फस्त झालं, तर तळाशी उरलेला मोहरी-लिंबाचा रस टाकू नका. चौथा दिवस उलटायच्या आत त्यात उकडलेला बटाटा कालवला की संध्याकाळचं खाणं तयार.